दुर्बिणीखालचं कुंकू

"दुर्बीण लावून मारायचं म्हणजे लबाडी," असं बाबा म्हणाले तेव्हा मी दुकानाच्या काउंटरवर तीन स्कोप, म्हणजे बंदुकीवर लावायच्या दुर्बिणी, मांडून उभी होते आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं. तापायचं कारण बाबा नव्हते. काउंटरपलीकडचा माणूस प्रश्न मी विचारला तरी उत्तर माझ्या नवऱ्याला देत होता. माझा नवरा पुण्याचा, जन्मात अंडंसुद्धा न फोडलेला. तो आपला मान डोलावत होता. तिसऱ्या वेळी मी त्या माणसाला सांगितलं, "बंदूक मी चालवणार आहे. याला फक्त गाडी चालवता येते." त्यावर तो ओशाळून हसला आणि पुढचं वाक्यही नवऱ्याकडे बघूनच बोलला.

ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. आम्ही टेक्सासात, ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहत होतो, दोघंही तेलाच्या धंद्यातल्या कंपन्यांत इंजिनिअर. बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच फेरी, आणि ते स्वच्छ सांगत होते की शेवटचीही. "तुमच्या इथे चालायला रस्ता नाही, बोलायला माणूस नाही. दिवाळीला मी घरी." त्यामुळे माझ्याकडे दिवाळीपर्यंतचा वेळ होता. मला त्यांच्या डोळ्यांदेखत एक डुक्कर पाडायचं होतं. एका गोळीत, स्वच्छ.

का, ते सांगायला गावाकडे जावं लागेल. आमचं गाव रत्नागिरीच्या बाजूचं, डोंगराला टेकलेलं. भात तयार व्हायला आलं की रानडुकरं उतरायची आणि एका रात्रीत खाचराचा चिखल करून जायची. मग पारध निघायची. बाबांकडे ठासणीची बंदूक होती आणि ते गावातले नेमबाज. बाकीचे लोक हाकारे, म्हणजे रानाच्या एका अंगाने ओरडत, डबे वाजवत जनावर बंदुकीकडे ढकलणारे. भाऊ दहा वर्षांचा झाला तेव्हा बाबा त्याला बरोबर न्यायला लागले. त्याला रक्त बघून उलटी व्हायची. मी दोन वर्षांनी मोठी, गलोलीने कैरीचा देठ तोडणारी, पण मला नाही. "बायकांनी बंदुकीला हात लावायचा नाही," एवढंच उत्तर. का, असं विचारलं की आई म्हणायची, "नाही म्हणजे नाही." आमच्या वाट्याला यायचं ते मटण धुणं आणि मसाला वाटणं.

डुकराचे वाटे मात्र बाबा स्वतः घालायचे, अंगणात, केळीच्या पानांवर. ज्याच्या बाराने जनावर पडलं त्याला सगळ्यांपेक्षा एक मागचा फरा, म्हणजे अख्खी मांडी, जास्त. हाकाऱ्यांचे वाटे सारखे. जो आजारी म्हणून घरी राहिला त्याचाही वाटा, आणि कुत्र्यांचाही. यात कधी भांडण झालेलं मला आठवत नाही. बाबांचा दुसरा नियम याहून कडक होता. जखमी केलेलं जनावर टाकून यायचं नाही. दिवस जाऊ दे, जेवण जाऊ दे, ज्याने जखमी केलं त्याने ते संपवूनच यायचं. एकदा ते दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले होते, अंगभर ओरखडे. आईने पाणी तापवलं होतं.

तर टेक्सासात आल्यावर मला कळलं की इथे डुकरांनी तोच धुमाकूळ घातला आहे, आणि मारायला कोणी अडवत नाही. आमच्या ऑफिसातून रिटायर झालेल्या एका म्हाताऱ्याची शहरापासून दोन तासांवर रँच होती. त्याचं गवताचं कुरण डुकरांनी नांगरल्यासारखं करून टाकलं होतं. मी सहज म्हणाले की मला शिकायचंय, तर त्याने मनावर घेतलं. शिकारीचा कोर्स केला, परवाना काढला. एच-वन व्हिसावर बंदूक हातात धरायची तर तो परवाना लागतोच. दोन वर्षं मी त्याच्या कुरणावर नेम धरायला शिकले, पुठ्ठ्यांना भोकं पाडली. त्याने आपली जुनी रायफल मला वापरायला दिली. "स्कोप मात्र तुझा तू घे," तो म्हणाला. "माझा आत धुकं धरतो." आणि त्याने आपली उजवी भुवई दाखवली. तिच्यावर चंद्रकोरीसारखा व्रण होता. स्वस्तातला स्कोप, डोळा फार जवळ धरावा लागायचा, आणि बार उडाला की धक्क्याने मागे येऊन कपाळात बसायचा. "झूमकडे बघू नकोस. किती लांबून चित्र पूर्ण दिसतं ते बघ."

घरी नवऱ्याने बजेट सांगितलं. महिन्याच्या ग्रोसरीला लागतात तेवढे पैसे, त्यावर एक डॉलर नाही. बोलून तो थांबला असता तर बरं होतं, पण आमच्यातली माणसं काही विकत घ्यायचं म्हटलं की आधी एक्सेल उघडतात. त्याने शंभरेक स्कोप उतरवून काढले आणि एक कॉलम बनवला, दर डॉलरमागे झूम किती. त्यात एक अजस्र नळकांडं पहिलं आलं. चोवीस पट मोठं दाखवणारं.

"हे घे," तो म्हणाला. "बेस्ट व्हॅल्यू आहे यार."

"याच्यातून काय बघू? डुकराच्या पाठीवरच्या पिसवा?"

"अगं, झूम कमी करता येतो."

"मग जास्तीचे पैसे कशाचे दिले?"

त्याने एक्सेल बंद केलं. पण प्रिंटआउट घेऊन दुकानात आलाच.

बाबा हे सगळं बघत होते. त्यांना एक गोष्ट मी ते आले त्याच दिवशी सांगितली होती, आणि खोटं कशाला बोलू, सांगताना मला बरं वाटलं होतं. व्हिजिटर व्हिसावर, परवाना नसताना, त्यांनी बंदुकीला हात लावायचा नाही. "बाबा, इथे कायदाच आहे." त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि "बरं" म्हणाले.

दुकानात आत सगळेच स्कोप छान दिसतात. ट्यूबलाइटच्या लखलखाटात शंभर फुटांवरचा बोर्ड कशातूनही वाचता येतो. मी त्या माणसाला म्हणाले, सूर्य मावळतोय, मला हे तिन्ही बाहेर नेऊन बघायचेत. त्याने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने या वेळी माझ्याकडे बोट दाखवलं. शेवटी तो माणूस तिन्ही स्कोप घेऊन आमच्याबरोबर पार्किंगमध्ये आला.

ह्यूस्टनच्या त्या दमट हवेत एसीतून बाहेर आलं की चष्मासुद्धा पांढरा होतो. तिन्ही स्कोपच्या काचांवर वाफ धरली. आम्ही गाडीच्या बॉनेटवर ते ठेवून थांबलो. दोन साफ झाले, तिसऱ्याची वाफ बाहेरून पुसली तरी आत राहिली. तो बाद. उरले दोन, एक नवऱ्याचं चोवीसपटी नळकांडं आणि एक साधा चार पटीचा. त्याला झूम फिरवायची सोयच नव्हती, दिसायला अगदीच गरीब. पार्किंगपलीकडे नाला आणि त्याला लागून झुडपं होती. अंधार पडत आला होता. नळकांड्यातून बघितलं तर सगळं काळं, आणि जे दिसत होतं ते माझ्या श्वासाबरोबर नाचत होतं. डोळा बोटभर हलला की चित्रच गायब.

"द्या बघू," बाबा म्हणाले. नुसत्या स्कोपला हात लावायला कायद्याची हरकत नव्हती. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तो डोळा त्यांनी चारपटीला लावला. त्यांनी तो हळूहळू झुडपांवरून फिरवला. मग म्हणाले, "झुडपात मांजर बसलंय. राखाडी."

मी घेऊन बघितलं. मांजर होतं. कान हलवत होतं. दुकानातल्या माणसाने दुसऱ्यातून शोधलं, त्याला काही सापडलं नाही. तेवढ्याच पैशात त्या बिनझूमवाल्याची काच चांगली होती, कारण बाकी काही त्याच्यात नव्हतंच. मी चष्म्यासकट डोळा लांब धरला तरी चित्र पूर्ण भरत होतं. ज्यातून मांजर दिसलं तो मी घेतला. नवऱ्याने पावती जपून पाकिटात ठेवली, नाही आवडला तर परत करता येईल म्हणून. आणि ज्यांनी लबाडी म्हटलं होतं, ते बाबा घरी येईपर्यंत तो मांडीवर घेऊन गाडीच्या खिडकीतून गॅस स्टेशनांच्या पाट्या बघत होते.

पुढच्या शनिवारी रँचवर जाऊन स्कोप रायफलवर चढवला. म्हाताऱ्याच्या रायफलवर स्कोप धरून ठेवणाऱ्या जुन्या कड्यांना मोठे खाचेचे स्क्रू होते, नाण्याने फिरतील असे. ते त्याने आपल्या राकट हातांनी घट्ट आवळले. मग पुठ्ठ्यावर बार काढत, थोडं डावीकडे, थोडं वर करत, नेम आणि गोळी एका जागी आणली. शेवटच्या गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या. मी पुठ्ठा घेऊन बाबांकडे गेले. ते मागे खुर्चीत, हाताची घडी घालून बसलेले.

"कागद मारलास," ते म्हणाले. "कागद पळत नाही."

मी तो पुठ्ठा तिथेच कचऱ्यात टाकला. नवऱ्याने नंतर तो काढून गाडीत ठेवला, हे मला घरी आल्यावर कळलं.

मग दसरा आला. इथे दसऱ्याला सुट्टी नसते. मी संध्याकाळी घरी आले तर हॉलमध्ये पाट, पाटावर माझी रायफल. बाजूला लॅपटॉप, नवऱ्याची ड्रिल मशीन आणि स्वयंपाकघरातल्या सुऱ्या. सगळ्यांवर हळदकुंकू, अक्षता आणि इंडियन स्टोअरमधून आणलेली झेंडूची फुलं. बाबा धोतर नेसून बसले होते. घरी ते दर दसऱ्याला बंदुकीची पूजा करायचे. नळी पुसायची, तेलाचा हात द्यायचा, कुंकू लावायचं. आम्ही मुली लांबून बघायचो.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "बंदुकीच्या कपाटाची किल्ली कोणी दिली?"

"बाबांनी मागितली, मी दिली," नवरा म्हणाला. "पूजाच तर करायची होती."

"पूजाच तर? अरे, बाबा व्हिजिटर व्हिसावर आहेत. पोलिसांना कळलं तर यांचं जाऊ दे, आपली दोघांची ग्रीन कार्डं विसर. बाबा, मी तुम्हाला सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही?"

मी बरीच तडतडले. बाबा खाली बघून अक्षता गोळा करत होते. मग मी रायफलपाशी बसले. इतकी स्वच्छ ती दुकानातसुद्धा नसेल. लाकूड चमकत होतं, स्कोपच्या काचेवर एक ठिपका नव्हता. माझा राग निवला. मी नमस्कार केला, बाबांच्याही पाया पडले, आणि रायफल कपाटात ठेवून किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. काही सांगायचं राहिलं असेल तर ते बाबांनी तिथेच गिळलं.

बाबांचं विमान जायच्या आदल्या शनिवारी आम्ही रँचवर गेलो. रात्री तिथेच मुक्काम, पहाटे कुरणाच्या कडेच्या लाकडी मचाणावर. मचाण म्हणजे चार खांबांवरचं खोकं. मी, बाजूला बाबा कानटोपी घालून. नवरा घरात झोपला होता. टेक्सासात ऑक्टोबरअखेरीसही थंडी नसते, पण बाबा पहाटे कानटोपीशिवाय घराबाहेर पडत नाहीत.

फटफटायला लागलं तेव्हा कुरणात काळे ठिपके दिसले. नुसत्या डोळ्यांना दगड वाटले असते. स्कोपमधून बघितलं तर माद्या, पिल्लं, आणि जरा मागे एक मोठा नर. अर्धा उजेड, पण चित्र स्वच्छ. सुळेसुद्धा दिसत होते. मला त्या गरीब चारपटीबद्दल अभिमान वाटला.

"मोठा आडवा होऊ दे," बाबा कुजबुजले. एवढ्या वर्षांत शिकारीबद्दल त्यांनी मला सांगितलेली ही पहिली गोष्ट. नर आडवा झाला. काचेतल्या रेघांचा क्रॉस खांद्यामागे बसवला, श्वास सोडला, चाप ओढला.

डुक्कर पडलं नाही. गर्रकन फिरलं, मागचा पाय ओढत ओढत पलीकडच्या काटेरी झाडोऱ्यात शिरलं.

"कमरेत बसला," बाबा म्हणाले.

"शक्यच नाही. नेम खांद्यामागे होता." मी दुसरी गोळी भरली आणि पुन्हा बघायला डोळा लावला. चित्र तिरकं दिसलं. स्कोपला हात लावला तर तो बोटाखाली हलला. दाबला की डावीकडे, सोडला की परत. मी कड्या चाचपल्या. स्क्रू ढिले होते.

मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"दसऱ्याला मी काढली होती," ते म्हणाले. "दुर्बीण. कुंकू लावायची जागा तिच्याखाली होती. नळी जिथे लाकडाला मिळते तिथेच लावतात, वर नाही. नाण्याने काढली, परत होती तशी लावली. फार आवळली नाही, काच फुटेल असं वाटलं."

"आणि सांगितलं नाहीत."

"तू ओरडलीस. मग कसं सांगू."

मी ओरडले होते, खरं आहे. पण त्या क्षणी ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी तोंडाला येईल ते बोलले. म्हणाले, "जन्मभर मला हात लावू दिला नाहीत, आणि इथे मी सांगितलेलं असताना तुम्ही लावलात, तो असा. एक बार मागितला होता मी. एकच." माझा आवाज चढला होता, माद्या केव्हाच पळाल्या होत्या, आता हळू बोलायची गरजही नव्हती. मला खरंच वाटत होतं की आता सगळं संपलं. दोन वर्षं, तो कोर्स, ती पार्किंगमधली संध्याकाळ, सगळं पाण्यात.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला नंतर बोल. आधी ते जनावर."

म्हातारा आवाज ऐकून ट्रक घेऊन आला. काय झालं ते सांगितल्यावर त्याने खांदे उडवले. "डुक्कर आहे. मरेल आत. गिधाडं बघून घेतील. चला, कॉफी घेऊ." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिथे डुकराकडे सगळे उंदरासारखंच बघतात. पण बाबांना भाषांतर करून सांगायची गरज पडली नाही. त्यांनी मान हलवली आणि मचाणाची शिडी उतरायला लागले.

"आमच्या घरी जखमी टाकून येत नाहीत," मी म्हाताऱ्याला सांगितलं. तो माझ्याकडे, मग बाबांकडे बघत राहिला आणि ट्रकमधून आपली बंदूक काढली.

हलत्या स्कोपने काही मारणं म्हणजे मूर्खपणा. मी बाबांपुढे हात केला. त्यांनी न विचारता खिशातून पंचवीस सेंटचं नाणं काढून दिलं. मी स्कोप उतरवला. खाली, नळी आणि लाकूड मिळतात त्या जागी, कुंकवाचं बोट होतं. तेलात मुरलेलं, अजून लाल. इतकं निवडून, पारखून घेतलेली ती वस्तू मी बाबांच्या हातात दिली, आणि त्यांनी ती कानटोपीत गुंडाळून काखेत धरली. रायफलला जुन्या पद्धतीची माशी होतीच, नळीच्या टोकावरचा बारीक दाणा. तोच आता खरा.

झाडोऱ्याच्या तोंडाशी रक्ताचे ठिपके होते. आत काही दिसत नव्हतं, फक्त मधूनच फुसकारा ऐकू यायचा. जखमी नर काय करू शकतो हे मला माहीत होतं. आमच्या शेजारच्या काकांची मांडी तशीच फाटली होती. मी थांबले. माझ्या बाजूला बाबा थांबले, आणि त्यांनी सहज, जसं चाळीस वर्षं केलं असेल तसं, उजवा हात पुढे केला.

"दे इकडे, बाय."

त्यात हुकूम नव्हता. ते घाबरले होते, माझ्यासाठी. हे मला स्पष्ट कळलं, आणि तरीही मी रायफल सोडली नाही.

"नाही बाबा. जखमी मी केलंय. तुम्ही मागे व्हा."

त्यांचा हात तसाच राहिला जरा वेळ. मग त्यांनी तो खाली घेतला. खाली वाकून एक वाळकी फांदी उचलली, मला बोटाने उभं राहायची जागा दाखवली, एका पडक्या ओंडक्यामागे, आणि म्हणाले, "इथून हलू नकोस. मी त्या उंचवट्यावरून येतो. आवाज झाला की ते तुझ्यासमोर निघेल. मी तुझ्या डाव्या हाताला असेन, तिकडे नळी फिरवायची नाही."

सत्तरीचा माणूस, पायात नवऱ्याचे स्पोर्ट्स शूज, काखेत कानटोपी, चालत गेला. थोड्या वेळाने उंचवट्यावरून हाकारा आला. मी लहानपणी घरात बसून लांबून ऐकायचे तोच, "हो, हो, हो, हाऽऽ," आणि फांदी झाडावर आपटल्याचा आवाज. म्हातारा माझ्या उजवीकडे होता, त्याच्या तोंडून काहीतरी देवाचं नाव निघालं. बाबांना मी जन्मात कधी हाकारा घालताना ऐकलं नव्हतं. ते नेहमी बंदुकीपाशी असायचे. आवाज फुटका होता, पण थांबत नव्हता.

झाडोरा हलला. नर बाहेर आला, मागचं अंग ओढत, तोंड माझ्याकडे. स्कोप असता तर एवढ्या जवळून मला नुसते केस दिसले असते. मी माशी त्याच्या कपाळावर टेकवली आणि बार काढला. तो आहे त्या जागी बसला आणि आडवा झाला.

बाबा उंचवट्यावरून उतरून आले. घाम आलेला, धाप लागलेली. त्यांनी डुकराच्या डोळ्याला फांदी लावून बघितली, मेलंय अशी मान डोलावली. मला शाबासकी वगैरे काही दिली नाही. कमरेतली पहिली जखम बघितली मात्र, बराच वेळ, आणि म्हणाले, "याला फुकट त्रास झाला." मी म्हणाले, "हो." माझा राग तेव्हा कुठे गेला ते मला सांगता येणार नाही. त्यांच्याकडे बघून मला वाईट वाटत होतं, एवढं खरं.

ट्रकने डुक्कर रँचच्या अंगणात आणलं. नवरा दात घासत बाहेर आला आणि तसाच आत गेला. म्हाताऱ्याने टेबल आणि सुरे दिले. सुऱ्यांना कायद्याची आडकाठी नव्हती. बाबांनी बाह्या वर केल्या. केळीची पानं नव्हती, तर त्यांनी फॉइलच्या ट्रे मांडल्या. म्हाताऱ्याला वाटलं, एवढे ट्रे कशाला, माणसं तर चार. मी त्याला समजावत होते. हा तुमचा, जमीन तुमची म्हणून. हा तुमच्या कुत्रीचा. हा आत दात घासणाऱ्याचा, तो खाणार नाही, पण घरी राहिलेल्याचाही वाटा असतो. म्हातारा हसत होता, पण टोपी काढून उभा होता.

मग बाबांनी मागचा अख्खा फरा, न दुखावलेल्या बाजूचा, उचलून सगळ्यात मोठ्या ट्रेमध्ये ठेवला. तो ट्रे त्यांनी टेबलावरून सरकवत माझ्यासमोर आणला. "हा बंदूकवाल्याचा," ते म्हणाले. बंदूकवालीचा म्हणाले नाहीत. आमच्याकडे तो शब्दच कधी लागला नव्हता.

एक लहान ट्रे उरला होता. त्यात दोन-चार बरगड्या.

"हा कोणाचा?" मी विचारलं, कारण मला हिशोब लागेना. बाबांचा वाटा मी फऱ्यातच धरला होता. आमच्या घरी तो नेहमी तिथेच असायचा.

"हाकाऱ्याचा," बाबा म्हणाले. तो ट्रे उचलून त्यांनी आपल्या बाजूला ठेवला आणि सुरे धुवायला नळावर गेले.

मी फऱ्याच्या ट्रेवर दोन्ही हात ठेवून उभी होते. मला रडू आलं, आणि म्हाताऱ्यासमोर आलं याची लाजही वाटली नाही. नळ चालू होता. बाबा पाठमोरे, एकेक सुरा निथळून फडक्यावर ठेवत होते. स्कोप गुंडाळलेली काखेतली कानटोपी त्यांनी अजून सोडली नव्हती.